एवढी माणसं आली, तर बसली कुठं?

दिवाळी आटोपून आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी मामेभावाचा फोन आला, "दादा, बर्डीवर येऊन जाता का जरा? गणिताचं काम आहे." शाळेत तीस वर्षे गणित शिकवल्यामुळे नातेवाइकांत माझी एक ख्याती आहे. कुणाचे कर्जाचे हप्ते, कुणाची पेन्शन, कुणाच्या फ्लॅटच्या चौरस फुटांचा घोळ, सारे फिरून माझ्याकडे येते. तसेच काही असेल असे समजून गेलो.

बर्डी म्हणजे सीताबर्डी, हे नागपूरकरांना सांगायला नको. मामांचे मॅचिंग सेंटर मेन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आहे. रुंदी दहा फूट, आणि आत लांबच लांब. एका भिंतीला छतापर्यंत अस्तराचे तागे, समोरच्या भिंतीला टू बाय टू, रुबिया, सॅटीन. काउंटरवर फॉल, लेस, लटकन, हूक, नाड्या. आणि दाराशी पिकोची मशीन. गिऱ्हाईक पिशवीतून साडी काढते. मामा ती हातात घेऊन दारापर्यंत उजेडात जातात, परत येतात आणि नेमका त्या रंगाचा तागा ओढतात. वय अठ्ठ्याहत्तर. अजून चुकत नाहीत.

मामेभावाने माझ्यापुढे आठ पानांचा रंगीत कागद ठेवला. दोन वर्षांपूर्वी दुकानाची वेबसाइट झाली होती, आणि गेल्या सहा महिन्यांपासून ती 'वाढवण्याचे' काम एका एजन्सीकडे होते. हा तिचा अहवाल. त्यात एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे डोंगर चढावा तशी चढत गेली होती. खाली लिहिले होते, सेशन्स महिन्याला सहा हजारांवर. शेवटच्या पानावर पुढच्या वर्षभराचा प्रस्ताव होता, आणि दरमहा द्यायची रक्कम पिकोच्या मशीनवर बसणाऱ्या ताईंच्या पगाराएवढी.

"दोन्ही परवडत नाही दादा," मामेभाऊ हळू आवाजात म्हणाला. ताई समोरच होत्या. "जमाना बदलून राहिला. लोक आधी मोबाइलवर पाहतात, मग येतात. पिको काय, बाहेरून करून घेता येईल. पण सही करायच्या आधी म्हटलं तुम्ही एकदा पाहा."

गादीवरून मामांनी चष्मा वर केला. "सहा हजार म्हणतोस? महिन्याला? म्हणजे रोजचे दोनशे झाले. एवढी माणसं आली, तर बसली कुठं?"

आम्ही हसलो. पण घरी येताना लक्षात आले, की अहवालाच्या आठ पानांना जो प्रश्न पडला नव्हता तो मामांना पडला होता.

त्यानंतरचे तीन रविवार मी मामांच्या नातीबरोबर फोनवर काढले. ती पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे, आणि मूळ वेबसाइट तिनेच हौसेने करून दिली होती. पहिली अडचण अशी, की गूगल ॲनालिटिक्सचे खाते, म्हणजे वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजदाद जिथे होते ते दप्तर, एजन्सीच्या नावावर होते. दुकान आपले आणि गल्ल्याची किल्ली दुसऱ्याकडे, असा प्रकार. ते दप्तर पाहण्याची परवानगी मिळवण्यात एक आठवडा गेला. ज्यांची कुणाची छोटीमोठी वेबसाइट असेल त्यांनी एवढे तरी आजच पाहून ठेवावे, की खाते मालकाच्या ईमेलवर आहे की नाही.

मोजायचे काय, हा या विषयातला सगळ्यात जुना घोळ आहे. नव्वदच्या दशकात वेबसाइटवाले 'हिट्स' सांगत. आमच्या साइटला महिन्याला लाख हिट्स! वेबसाइट ज्या संगणकावर ठेवलेली असते तो, मागितलेल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ आपल्या वहीत लिहितो. एका पानावर दहा चित्रे असली तर पान एक आणि चित्रे दहा, म्हणजे एका माणसाने एकदा पान उघडले की अकरा हिट्स. चित्रे वाढवा, हिट्स वाढतील. गिऱ्हाईक दुकानात आल्यावर त्याने पाहिलेल्या प्रत्येक ताग्याला एक गिऱ्हाईक मोजावे, तसे हे. त्या वह्या वाचून तक्ते काढणारा 'ॲनालॉग' नावाचा प्रोग्रॅम केंब्रिजच्या स्टीफन टर्नर यांनी १९९५ साली लिहिला आणि फुकट वाटला. पण त्या वहीत एक मोठी उणीव होती. ओळीमागे ओळ असे, पण ही ओळ आणि ती ओळ एकाच माणसाची की दोघांची, हे खात्रीने कळत नसे. वेबचा मूळ स्वभावच विसराळू. प्रत्येक मागणी त्याला पहिलीच वाटते.

त्यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी उपाय काढला होता, कुकीचा. पाहुण्याच्या संगणकावर एक छोटीशी चिठ्ठी ठेवून द्यायची आणि तो पुन्हा आला की ती वाचायची. तिचा बाहेरच्या जगातला पहिला उपयोग नेटस्केपच्या साइटवर आलेला माणूस पूर्वी येऊन गेला आहे का, हे पाहण्यासाठीच झाला. मामांना ही चिठ्ठी समजावून सांगितली तर ते म्हणाले, "त्यात काय, मी चपलांवरून ओळखतो."

सेशन म्हणजे नेमके काय, हे मला स्वतःला उमगले ते सीताबर्डीच्याच मेट्रो स्टेशनवर. इथे दोन मार्गिका एकमेकींना छेदतात. प्रजापतीनगरहून आलेला माणूस इथे उतरतो, जिना चढतो-उतरतो, दुसऱ्या फलाटावर जातो आणि खापरीची गाडी धरतो. तो फाटकाबाहेर पडलेला नाही, म्हणून त्याचा प्रवास एकच. तोच माणूस फाटकाबाहेर पडला, बर्डीत समोसा खाऊन परत आत शिरला, तर प्रवास दोन. माणूस मात्र एक. वेबसाइटवरही असेच तीन आकडे वेगवेगळे असतात. माणसे किती, त्यांच्या भेटी किती आणि त्या भेटींत पाने किती उघडली. यातली मधली गोष्ट, भेट, तिला सेशन म्हणतात. अहवालात ज्याला जो आकडा सोयीचा तो मोठ्या अक्षरांत छापला जातो.

मात्र वेबसाइटला फाटक नाही. माणूस आत आल्याचे कळते, गेल्याचे कळत नाही. तो मोबाइल खिशात टाकतो, दारावरची बेल वाजते, कुकरची शिट्टी होते. मग भेट संपली हे ठरवायचे कसे? अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात लारा कॅटलेज आणि जेम्स पिटको यांनी १९९५ साली संगणक वापरणाऱ्यांची दर टिचकी तीन आठवडे नोंदवून पाहिली. दोन टिचक्यांमध्ये सरासरी ९.३ मिनिटे जात. त्यावर प्रमाण विचलनाची दीडपट मिळवून त्यांनी रेघ मारली, साडेपंचवीस मिनिटे. त्याहून जास्त शांतता असेल तर पुढची टिचकी नव्या भेटीची समजायची. पुढे सोयीसाठी तीस मिनिटे रूढ झाली आणि आजही गूगल ॲनालिटिक्समध्ये तीच आहे. जगभरच्या कंपन्या ज्या आकड्यावर कोट्यवधींचे निर्णय घेतात, त्याच्या बुडाशी कुणीतरी अंदाजाने मारलेली एक रेघ आहे, हे गणिताच्या मास्तराला बरे वाटणारे आहे. रेघ चुकीची आहे असे नाही. ती रेघ आहे एवढे ध्यानात असले म्हणजे झाले.

गूगलने 'अर्चिन' नावाची एक कंपनी २००५ साली विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ही मोजणी सर्वांना फुकट खुली केली. तेव्हा एवढी झुंबड उडाली, की नवी नोंदणी काही काळ थांबवावी लागली. त्यानंतर जगातल्या बहुतेक छोट्या दुकानदारांचे दप्तर तिथेच आहे. जुनी पद्धत जुलै २०२३ पासून बंद झाली आणि नवी आली. या बदलाने एक जुना अन्याय दूर झाला, तो सांगण्यासारखा आहे. पूर्वी माणूस साइटवर किती वेळ थांबला हे पहिल्या आणि शेवटच्या टिचकीतले अंतर काढून ठरत असे. एकच पान दहा मिनिटे मन लावून वाचले आणि दुसरे उघडले नाही, तर अंतर शून्य. तो 'आला तसा गेला' या खात्यात पडे. आता दहा सेकंदांहून जास्त थांबला, किंवा दुसरे पान उघडले, किंवा आपण महत्त्वाचे ठरवलेले एखादे काम त्याने केले, तर ती भेट गुंतलेली धरतात. दहा सेकंदही फार नव्हेत म्हणा. पण आमच्या सहा हजारांचे पितळ उघडे पडायला तेवढे पुरले.

सहा हजारांपैकी मोठा वाटा दहा सेकंदही टिकलेला नव्हता. एक घोळका अमेरिकेतल्या ॲशबर्न नावाच्या गावाचा निघाला. मामेभाऊ खूश झाला होता, "तिकडेही आपली मराठी माणसं असतील!" असतीलही. पण व्हर्जिनिया राज्यातले हे गाव संगणकांच्या मोठमोठ्या गोदामांसाठी जगप्रसिद्ध आहे, आणि तिथून शून्य सेकंदांसाठी येणारा पाहुणा बहुधा माणूस नसून यंत्र असते. गूगल ओळखीची यंत्रे आपोआप गाळते, अनोळखी राहतात. ही सगळ्यांचीच डोकेदुखी आहे. विकिपीडिया आपल्या प्रत्येक लेखाच्या वाचनाचे आकडे जुलै २०१५ पासून कुणालाही पाहू देतो, आणि तिथेही २०२० पासून माणसे, ओळखीची यंत्रे आणि माणसाचे सोंग घेतलेली यंत्रे असे तीन वेगळे ढीग करावे लागले. दुसरा एक घोळका नागपूरचाच होता. सकाळी दहाला, दुपारी दोनला, रात्री नऊला न चुकता येणारा. तो मामेभाऊच निघाला. साइट चालू आहे ना, हे तो दिवसातून पाच वेळा पाहत होता.

उरलेल्यांपैकी बहुतेक जण एकाच पानावर उतरत होते. ते पान कोणते म्हणाल? 'सीताबर्डी किल्ल्याचा इतिहास'!

एजन्सीने ते लिहून साइटवर टाकले होते. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची भोसले आणि इंग्रज यांची लढाई, टेकडी, तोफा, सगळे होते. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांना आत जाता येते. साहजिकच त्या सुमारास लोक गूगलवर शोधतात, शाळेतली मुले प्रकल्पासाठी शोधतात, आणि शोधताशोधता आमच्या दुकानात येऊन पडतात. निळ्या रेघेचा डोंगर ऑगस्टमध्ये सर्वांत उंच का होता, ते कळले. हा लबाडीचा प्रकार आहे असे मी म्हणणार नाही. ती माणसे खरी होती, त्यांच्या भेटी खऱ्या होत्या, आकडा बरोबर होता. फक्त त्यांना फॉल नको होता.

मामांना सांगितले. ते पानाचा डबा उघडत म्हणाले, "किल्ल्याला अस्तर लावायचं असेल."

मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. किती आले हे बाजूला ठेवून, जे खरोखर साडी घेऊन निघाले होते ते कोण आणि काय शोधत होते, हे पाहायचे. गूगलचे 'सर्च कन्सोल' नावाचे दुसरे एक फुकट दप्तर आहे. लोकांनी कोणते शब्द टाकले तेव्हा आपली साइट दिसली, आणि दिसल्यावर किती जणांनी ती उघडली, याचा सोळा महिन्यांचा हिशेब त्यात असतो. माझ्या मते दुकानदाराला ॲनालिटिक्सपेक्षा याचा उपयोग जास्त. ॲनालिटिक्स दारातून आत आलेल्यांविषयी बोलते. हे दप्तर दारावरून पुढे गेलेल्यांविषयीही बोलते.

त्यातली पहिली गंमत नावाची. आपण मराठीत सीताबर्डी लिहितो, बोलताना बर्डी म्हणतो. इंग्रजी पाट्यांवर मात्र 'र' चा 'ल' होऊन सीताबुल्डी झालेले, ते इंग्रजांच्या काळापासून. लोक रोमन अक्षरांत बुल्डी टाकतात, बर्डी टाकतात, बुर्डीही टाकतात. आमच्या साइटवर एकच रूप होते, तेही चित्रात कोरलेले. चित्रातली अक्षरे शोधयंत्राला भरवशाने वाचता येतातच असे नाही. मराठी वेबसाइटींनी हे दुखणे पूर्वी फार भोगले. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट निराळा होता, आणि जगाच्या दृष्टीने ते मराठी नसून नुसता अक्षरांचा गोंधळ असे. मजकूर होता, पण शोधून सापडत नव्हता. तीच चूक आम्ही एवढ्या वर्षांनी चित्राच्या रूपाने केली होती.

शब्दांच्या यादीत पुढे होते ते प्रश्न. दुकान रविवारी चालू असते का. फॉल-पिकोला किती घेतात. त्याच दिवशी मिळेल का. मेट्रोतून उतरल्यावर कुठल्या बाजूने. गाडी कुठे लावायची. टू बाय टू आणि रुबिया यांत फरक काय. अमुक रंगाचे अस्तर मिळेल का. यांतल्या एकाचेही उत्तर आमच्या साइटवर नव्हते. तिथे काय होते? 'आमची परंपरा', 'आमचे ध्येय' आणि किल्ला.

ती यादी मी मामांना वाचून दाखवत होतो. ते काही बोलले नाहीत. गादीखालून एक लांबट वही काढून त्यांनी माझ्या हातात दिली. पाठीवर कापडी पट्टी असलेली, जुन्या वळणाची. वर एकच शब्द, 'नाही'. आत तारखांखाली ओळी होत्या. गर्द जांभळे अस्तर, नाही. सव्वादोन इंची रुपेरी काठ, नाही. मोरपंखी, आहे पण फिका, बाई परत गेल्या. काटोलचे टेलर, काळी नाडी जाड, नाही.

"दुकान लावलं तेव्हापासून लिहून राहिलो," मामा म्हणाले. "जे विकलं जातं त्याचं बिल असतेच. जो हात हलवत गेला त्याचं कुठं असते?"

मी इतकी वर्षे त्या दुकानात येतो आहे, ही वही मला ठाऊक नव्हती. नातीला फोनवर एक पान वाचून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काका, हे सगळं त्या सर्च कन्सोलमध्ये आहे. नुसतं टाइप केलेलं."

तिने साइट नव्याने मांडली. एका प्रश्नाला एक छोटे पान, उत्तर पहिल्याच ओळीत, मराठीत आणि इंग्रजीत. पत्त्यात बर्डीची सगळी रूपे. गूगलच्या नकाशावर दुकानाची जी नोंद असते तिच्यात उघडण्याची खरी वेळ आणि सुट्ट्या. याला पैसे पडत नाहीत, आणि आधी तिथे वेळच चुकीची होती. दुकानाचे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसे पाच-पाच एमबीचे चढवले होते, ते आकसून लहान केले. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. आमचा खेड्यातल्या मोबाइलवर दिसेपर्यंत बाई उठून भाजी फोडणीला टाकून येत असतील. नातेवाईक आणि टेलर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर जी लिंक जाते तिला एक शेपूट जोडले. एरवी व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस बहुधा 'थेट आला' या खात्यात जमा होतो आणि कुणी पाठवला ते कळत नाही. त्या शेपटाला यूटीएम म्हणतात. त्यातला 'यू' म्हणजे तीच ती अर्चिन, गूगलने गिळलेली कंपनी. नाव शेपटात राहिले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो शेड कार्डला. अस्तराचे सगळे रंग एका पानावर, प्रत्येकाला क्रमांक. मामांचा विरोध होता. "पडद्यावरचा रंग आणि कापडाचा रंग एक नसतो. एका मोबाइलवर राणी दिसतो तो दुसऱ्यावर गुलाबी." बरोबरच होते त्यांचे. म्हणून वर ठळक लिहिले, की हे मॅचिंग नव्हे. कोणते रंग दुकानात आहेत एवढेच यावरून कळेल, साडी सोबत आणावी. मामेभावाला वाटले असे लिहिल्याने गिऱ्हाईक जाईल. मला वाटते त्याच ओळीने आणले.

आणि मोजायचे काय, तेही बदलले. 'फोन करा' आणि 'रस्ता दाखवा' ही दोन बटणे दाबली गेली की ती महत्त्वाची घटना म्हणून नोंदवायची. स्वतः मामेभावाच्या फेऱ्या मोजणीतून वगळायच्या. काउंटरवर ताईंनी नव्या गिऱ्हाइकाला विचारायचे, "कुठून कळलं?", आणि 'नाही'च्या वहीत मागच्या बाजूने एक रेघ ओढायची. वेबसाइटवरची भेट आणि दुकानातली भेट यांना जोडणारा धागा या रेघेशिवाय दुसरा नाही.

किल्ल्याचे पान काढले त्या महिन्यात सेशन्स धाडकन खाली आली. सहा हजारांची काही शेकड्यांवर. मामेभाऊ दोन दिवस नीट जेवला नाही. मलाही, खरे सांगायचे तर, घोर लागला. आपण म्हाताऱ्याच्या एका विनोदावरून पोराचा चालता धंदा मोडीत काढला की काय? पण बटणे दाबली जाण्याचा आकडा खाली आला नव्हता. तो पूर्वी किती होता हे कुणी मोजलेच नव्हते, पण पहिल्या महिन्यापेक्षा दुसऱ्यात जास्त होता आणि तिसऱ्यात त्याहून जास्त. मग हळूहळू सेशन्सही चढू लागली. या वेळची रेघ डोंगरासारखी नव्हती, बैलगाडीच्या चढासारखी होती. रुबियाच्या पानावर लोक तीन-तीन मिनिटे थांबत होते, आणि तिथून शेड कार्डवर जात होते.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण अहवाल लिहिणारे तीत हमखास फसवतात किंवा फसतात. 'गेल्या ऑक्टोबरपेक्षा या ऑक्टोबरात इतके टक्के वाढ', असे ते लिहितात. पण आपला बाजार इंग्रजी महिन्यांवर चालत नाही. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होते, २०२४ साली १ नोव्हेंबरला आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला. म्हणजे दिवाळीची खरेदी एका वर्षी नोव्हेंबरात पडते आणि दुसऱ्या वर्षी पुरती ऑक्टोबरात. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली तर काही न करताही वाढ दिसेल. २०२३ साली श्रावण अधिक होता, त्यामुळे सगळे सण पुढे सरकले. मॅचिंगच्या धंद्यात महालक्ष्म्यांच्या आधीचा आठवडा महालक्ष्म्यांच्या आधीच्या आठवड्याशीच ताडावा, पितृपक्ष पितृपक्षाशी आणि लग्नसराई मुहूर्त मोजून लग्नसराईशी. मी मामांच्या भिंतीवरचे पंचांग काढून तारखा लावून दिल्या. आयुष्यभर शिकवलेल्या गणितापैकी दुकानाला खरोखर उपयोगी पडलेले हे एवढेच.

एक शंका माझ्या मनात मधूनमधून येते. पाहुण्याच्या मोबाइलवर चिठ्ठी ठेवून त्याची ये-जा टिपणे, हे सभ्यपणाचे आहे का? मामांची वही ती बाई कोण हे लिहीत नाही, काय हवे होते तेवढेच लिहिते. ॲनालिटिक्सही नाव सांगत नाही. पण ते दप्तर ज्या कंपनीच्या घरी आहे तिला बरेच काही ठाऊक असते. युरोपात, ऑस्ट्रियातल्या नियंत्रकाने २०२२ साली एका प्रकरणात गूगल ॲनालिटिक्सचा वापर तिथल्या कायद्यात बसत नाही असे ठरवले. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. नातीने साइटवर संमती विचारणारी पट्टी टाकली आहे. 'नको' म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांची मोजणी होत नाही, त्यामुळे आकडा थोडा कमी दिसतो. मामेभाऊ त्यावर कुरकुरतो. मामा म्हणतात, "न सांगता पाहून गेला तरी गिऱ्हाईकच."

एजन्सीच्या प्रस्तावावर सही झाली नाही. ताई मशीनवर आहेत. फॉल-पिकोच्या पानावर 'त्याच दिवशी मिळेल' असे लिहिल्यापासून त्यांच्यापुढे साड्यांचा ढीग वाढला आहे आणि त्यांनी पगार वाढवून मागितला आहे. त्यावर अजून घरात चर्चा चालू आहे.

परवा नातीने फोन केला. रात्री पावणेबाराला कुणीतरी शेड कार्ड उघडले होते आणि साडेबारापर्यंत एकेक रंग थांबूनथांबून पाहिला होता. जुन्या पद्धतीत रात्री बाराच्या ठोक्याला भेट मोडत असे, एकाच्या दोन होत. आता मोडत नाही, तीच भेट चालू राहते. गाव नागपूर दाखवत होते. पण मोबाइलच्या जाळ्यामुळे वर्धा-काटोलचा माणूसही कधीकधी नागपूरचा दिसतो. शेवटची नोंद गर्द जांभळ्याची होती. या वेळी तो होता, वहीत दोनदा 'नाही' लागल्यावर मामांनी सुरतेहून मागवलेला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एक बाई पिशवीतून जांभळी साडी काढत दुकानात शिरल्या. मी तिथेच बसलो होतो. विचारावेसे फार वाटले. पण मामा साडी घेऊन तोवर दारातल्या उजेडात गेले होते.